नऊ सेकंद पुढचं दिसणारी ड्रायव्हर: भविष्य पाहणाऱ्या नायकाचा ॲक्शनपट कसा लिहावा

नायकाच्या कपाळाला पिस्तूल लागलंय आणि प्रेक्षक पॉपकॉर्नच्या डब्यात तळाचे दाणे शोधतोय. त्याचं काही चुकत नाही. नायकाला पुढचं दिसतं हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगून झालंय. गोळी सुटायच्या आत हा मान बाजूला घेणार, हे तोही पाहून बसलाय. भविष्य दिसणाऱ्या माणसाची गोष्ट सुचायला सोपी, ऐकायला झकास. लिहायला बसलं की चाळिसाव्या पानाच्या आसपास गाडी रुतते ती याच चिखलात: सगळं आधीच कळणाऱ्या माणसाला धोका कसला?

अशा तीन पटकथा मी लिहिल्या. दोन फाडल्या (हल्ली फाइल डिलीट करतात, पण फाडल्या म्हटलं की जरा बरं वाटतं). तिसरीवर एक छोटी फिल्म झाली. त्या खटाटोपातून जी पद्धत हाती लागली ती इथे क्रमाने देतोय. पद्धतीचा कणा एकच आहे: दिसलेलं भविष्य वापरलं की ते खर्च झालं पाहिजे. शंभरच्या नोटेसारखं. मोडली की नोट गेली, हातात चिल्लर उरते.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच पात्र घेऊ. रेवा, रात्रपाळीला ॲम्ब्युलन्स चालवते, तिला नऊ सेकंद पुढचं दिसतं. ओघात काही गाजलेल्या सिनेमांतले प्रसंग उघड होतील. ते अजून पाहायचे असतील तर तेवढं सांभाळून वाचा.

पायरी १: आधी खिडकी मोजा

‘त्याला थोडं पुढचं दिसतं’ असं लिहून सुरुवात करू नका. किती पुढचं, म्हणजे खिडकी केवढी, हे आकड्यात लिहा. ‘नेक्स्ट’ (२००७) मध्ये निकोलस केजच्या पात्राला दोन मिनिटं पुढचं दिसतं, तेही स्वतःपुरतं. जुन्ता यामागुची यांच्या ‘बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स’ (२०२०) या जपानी सिनेमात कॅफेवाल्याच्या खोलीतल्या पडद्यावर दोन मिनिटांनंतरचं चित्र येतं, आणि सत्तर मिनिटांचा अख्खा सिनेमा तेवढ्या भांडवलावर चालतो. ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ (२००२) मध्ये ठरवून केलेला खून बराच आधी कळतो, रागाच्या भरातला अगदी आयत्या वेळी. खुनाचा प्रकार लाकडी गोळ्याच्या रंगावरून समजतो: ठरवलेला असेल तर तपकिरी, झटक्यातला असेल तर लाल. लाल गोळा घरंगळत आला की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, घड्याळ सुरू झालेलं असतं.

आकडा ठरला की तो जमिनीवर उतरवा. वही घ्या आणि त्या वेळात काय काय होऊ शकतं ते मोजा. रेवाची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. नऊ सेकंदांत १५० मीटर. रात्री हेडलाइटच्या उजेडात दिसतं त्याच्या बरंच पलीकडचं तिला कळतं. पायी चालताना तेच नऊ सेकंद जेमतेम बारा मीटर भरतात. बोलण्यात मोजले तर वीस-पंचवीस शब्द, म्हणजे समोरचा आता कुठलं वाक्य फेकणार तेवढंच. हातघाईत नऊ सेकंद म्हणजे अख्खी एक झटापट. आणि रक्तस्राव होणाऱ्या माणसाच्या बाबतीत? जवळपास काहीच नाही. नऊ सेकंदांनंतर तो आत्ता आहे तसाच दिसतो.

या शेवटच्या ओळीखाली मी वहीत दोनदा रेघ मारली होती. खिडकी कशाला पुरते त्यापेक्षा कशाला पुरत नाही, तिथे तुमची गोष्ट दडलेली असते. छोट्या खिडकीला वेगवान गोष्टी दिसतात, सावकाश होणाऱ्या दिसत नाहीत. मोठ्या खिडकीचं उलट: महिनाभर पुढचं दिसणाऱ्याला अपघात कळेल, पण आत्ता जिन्यावरून खाली येणारा माणूस त्याला चुकवता येणार नाही. ॲक्शनपटाला छोटी खिडकी जास्त मानवते असं माझं मत आहे. मोठी खिडकी घेतलीत तर तुमचा सिनेमा आपोआप तपासकथेकडे झुकतो. झुकू द्यायला हरकत नाही, फक्त ते जाणूनबुजून झालं पाहिजे.

पायरी २: भविष्य कुठल्या जातीचं, ते ठरवा

इथे फार घोळ होतो, कारण लिहिणारा एका पानावर एक नियम लावतो आणि पुढच्या पानावर दुसरा.

पहिली जात: ठरलेलं भविष्य. दिसलं ते घडणारच. टाळायला जी धडपड कराल तीच तुम्हाला तिथे नेऊन पोचवेल. इगोर नोविकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कालप्रवासाबद्दल मांडलेलं सुसंगततेचं तत्त्व याच घराण्यातलं: भूतकाळाशी विसंगत ठरेल अशी घटना घडूच शकत नाही. अशा गोष्टीतली ॲक्शन शोकांतिकेच्या अंगाने जाते. प्रेक्षक ‘काय होणार’ ऐवजी ‘कसं होणार’ पाहतो.

दुसरी जात: बदलणारं भविष्य. पाहिलं म्हणून वेगळं वागलो, म्हणून वेगळं घडलं. ‘मायनॉरिटी रिपोर्ट’चं पेच टाकण्याचं कौशल्य असं की नायकाला, पुढचं दिसणाऱ्यांच्या दर्शनात, स्वतःच्या हातून खून होताना दिसतो, आणि ज्याचा होणार त्याला तो ओळखतही नाही. दिसलंच नसतं तर तो त्या खोलीपर्यंत पोचला असता का? फिलिप के. डिक यांच्या १९५६ च्या कथेतून आलेला हा काटा इतक्या वर्षांत बोथट झालेला नाही.

तिसरी जात शक्यतांची. एकाच वेळी हजार फाटे दिसतात, त्यातला एक निवडायचा. ‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ (२०१८) मध्ये डॉक्टर स्ट्रेंज १,४०,००,६०५ भविष्यं पाहून येतो आणि जिंकण्याची वाट एकच असल्याचं सांगतो. आपल्याला त्यातलं एकही दाखवत नाहीत. शहाणपणा केला. ही जात वाक्यात झेपते, प्रसंगात झेपत नाही. पहिल्यांदा लिहीत असाल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

रेवासाठी मी दुसरी जात घेतली, आणि एक अट घातली. पाहिल्याप्रमाणे ती वागत राहिली तर नऊच्या नऊ सेकंद बिनचूक. पण तिने पहिला बदल केला, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की तिथून पुढचं पाहिलेलं सगळं शिळं. तिच्या एका कृतीने रस्ता बदलला, मग जुन्या रस्त्याचा नकाशा काय कामाचा? म्हणजे दर खेपेला तिला एकच अचूक चाल मिळते, आणि ती खेळली की ती आपल्यासारखीच आंधळी.

पायरी ३: गळती बुजवा

नऊ सेकंदांनंतरची रेवासुद्धा पुढचे नऊ सेकंद पाहते आहे. तिला दिसलेलं आत्ताच्या रेवाला दिसेल का? दिसत असेल तर अठरा. मग सत्तावीस. असं करत करत ती स्वतःच्या म्हातारपणापर्यंत जाऊन येईल आणि तुमची खिडकी नावापुरती उरेल. हुशार प्रेक्षक हा प्रश्न मध्यंतरात विचारतोच. वर सांगितलेल्या जपानी सिनेमाने गळती बुजवण्याऐवजी तिचाच नळ केला: दोन पडदे समोरासमोर ठेवून दोन मिनिटांच्या साखळीने आणखी पुढे पाहायचं. विनोदी गोष्टीला ते शोभलं.

ॲक्शनपटात बूच मारावं लागतं. माझं बूच असं: पाहिलेले नऊ सेकंद जगून संपेपर्यंत रेवाला पुन्हा पाहता येत नाही. यात किंमतही आपोआप वसूल झाली. डोळे मिटले, पाहिलं, की पुढचे नऊ सेकंद तिच्याकडे दुसरं हत्यार नाही. नाकातून रक्त येणं, डोकं धरून कळवळणं असल्या किमती वसूल करत बसू नका. त्या नुसत्या दिसायला किमती असतात. नायक रक्त पुसतो आणि कामाला लागतो. किंमत अशी हवी की तिच्यामुळे पुढचा निर्णय बदलेल.

आणि एकदा नियम केला की मोडू नका. ‘नेक्स्ट’मध्ये एका स्त्रीच्या बाबतीत नायकाला दोन मिनिटांपेक्षा पुढचं दिसतं. प्रेमकथेची सोय झाली, पण माझ्यासारख्याचा विश्वास तिथेच थोडा खचला.

पायरी ४: विज्ञान लागेल तेवढंच

पात्राच्या तोंडी क्वांटम शब्द घालून अर्धं पान भरणं हा या प्रकारातला जुना आजार आहे. प्रेक्षकाला यंत्राचं मॅन्युअल नको असतं, त्याला फक्त ‘खिडकी एवढीच का’ हे पटायला हवं असतं. त्यासाठी एक खरी हकिगत पुरेशी आहे. १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावरचं एक गणित अधल्यामधल्या टप्प्यापासून पुन्हा चालवलं. आत टाकायचा आकडा ०.५०६१२७ होता, त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ टाकला आणि कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तर नवं हवामान सुरुवातीला जुन्याच्या मागोमाग चाललं होतं, मग हळूहळू सुटत सुटत पार वेगळं झालं होतं. जवळचं अचूक, लांबचं धूसर, आणि छोटा फरक पुढे राक्षस होतो. नऊ सेकंदांच्या मर्यादेला याहून चांगला आधार शोधावा लागत नाही. तोही वैज्ञानिकाच्या तोंडी नको. रेवाला दहाव्या सेकंदाला दिवे विरघळल्यासारखे दिसतात, एवढं दाखवलं की झालं.

पायरी ५: विरोधक खिडकीच्या बाहेर उभा करा

खलनायकाला नायकाहून जास्त माणसं, जास्त बंदुका दिल्या की सामना तुल्यबळ होतो, अशी एक समजूत आहे. भविष्य दिसणाऱ्यापुढे शंभर बंदुका आणि एक बंदूक यांत फार फरक नाही. विरोधकाला एकच गोष्ट द्या: खिडकी केवढी आहे याचा अंदाज. तो अंदाज त्याने कसा बांधला हे दोन-तीन प्रसंगांत पेरा. रेवाच्या गोष्टीत तो तिच्या गाडीचा जुना मदतनीस आहे. रात्री-बेरात्री शेजारच्या सीटवर बसून त्याने मनातल्या मनात मोजलंय: पाय उचलला जातो आणि धोका समोर येतो, यात कधी सात सेकंद, कधी आठ, नऊच्या वर कधीच नाही.

मग तो सावकाश वार करतो. गाडीत मागे रुग्ण आहे आणि ऑक्सिजनची चावी हळूहळू बंद होत चालली आहे. रेवा डोळे मिटून पाहते. नऊ सेकंदांनंतर माणूस श्वास घेतोय. पुन्हा पाहते, घेतोय. दर वेळी उत्तर ‘ठीक आहे’ असंच येतं, आणि तरी तो मरत चाललेला असतो. हा प्रसंग सुचला त्या दिवशी मला पटलं की पटकथा पूर्ण होईल. बुद्धिबळात अशी स्थिती येते की कुठलीही चाल केली तरी नुकसान, आणि चाल तर करावीच लागते. तिथवर रेवाला आणून सोडायचं. पुढचं दिसून उपयोग काय, जर दिसणाऱ्या प्रत्येक वाटेवर काही ना काही गमवावंच लागणार असेल?

पायरी ६: कुणाला काय माहीत, याचा तक्ता

या पायरीला आठवडा द्या. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना दिलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे: बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, तो आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं तर पंधरा मिनिटांची घालमेल. आपल्या गोष्टीत यात आणखी एक खुर्ची येते, ज्याला पुढचं दिसतं त्याची. म्हणून प्रत्येक प्रसंगापुढे तीन रकाने आखा: द्रष्ट्याला काय माहीत, सोबतच्याला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. तिन्ही रकान्यांत सलग चार-पाच प्रसंग एकच मजकूर आला, तर तिथे सिनेमा झोपलाय असं समजा.

‘मायनॉरिटी रिपोर्ट’मधला मॉलचा प्रसंग हा तक्ता समोर ठेवून पाहा. पोलिस मागावर आहेत. नायक आपल्यासोबत ॲगाथा या द्रष्टीला घेऊन चाललाय. पुढचं तिला दिसतं, त्याला नाही. ती त्याला मध्येच थांबायला सांगते. धड आडोसा नाही, पोलिस जवळ येताहेत, आणि ही जागची हलत नाही. तेवढ्यात फुगेवाला समोरून येतो आणि नेमका पोलिसांच्या नजरेआड फुग्यांचा पडदा धरतो. ती म्हणते छत्री घे. का, ते नंतर कळतं. एक ठोसा नाही, एक गोळी नाही, तरी त्या सिनेमातला सगळ्यात थरारक पाठलाग तोच. गंमत कशात आहे? कॅमेरा द्रष्टीच्या डोक्यात शिरलेला नाही. तो तिला ओढत नेणाऱ्या माणसाबरोबर आहे. आपल्यालाही त्याच्याएवढंच कळतं, आणि विश्वास ठेवायचा की नाही ते दर पावलाला ठरवावं लागतं.

म्हणून रेवाच्या शेजारी कायम कुणीतरी बसवा. रुग्णाचा भाऊ, नवखा डॉक्टर, कुणीही. टाळलेल्या अपघाताचा पुरावा उरत नाही. ती रोज कुणाला ना कुणाला वाचवते आणि रोज ‘उगाच गाडी हळू करते’ म्हणून तिच्या नावाने तक्रार जाते. मारामारीचे सगळे प्रसंग कापावे लागले तरी हा एक धागा सोडू नका.

पायरी ७: कागदावर उतरवताना

दिसलेलं आणि घडलेलं यांना वेगळी खूण द्या, नाहीतर शूटिंगच्या दिवशी सहायक दिग्दर्शक तुमच्याकडे पाहील आणि तुम्ही आकाशाकडे. मी ‘द’ आणि ‘घ’ वापरतो: दर्शन आणि घटना. आकडा तोच. नमुना असा:

१४द. ॲम्ब्युलन्स, आत. रात्र.
मोकळा चौक. डावीकडून दिवे बंद असलेला ट्रक. काच. पांढरा उजेड.

१४घ. तेच ठिकाण.
मोकळा रस्ता. चौक अजून लांब. रेवाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो. काटा साठवरून चाळिसावर.
भाऊ: अहो ताई, दाबा ना जरा! रस्ता मोकळा आहे सगळा.
रेवा काही बोलत नाही. लांबवर चौकातून एक काळी आकृती आडवी सरकून जाते. भावाचं लक्ष मागे रुग्णाकडे.
चौक ओलांडला. पुढच्या वळणावर रेल्वेचं फाटक. त्यांच्या डोळ्यांसमोर खाली येतं.

ताशी चाळीसने ते १५० मीटर कापायला साडेतेरा सेकंद लागतात. साडेचार सेकंद गेले. ट्रक चुकला, फाटक पडलं. फाटक तिच्या खिडकीच्या पलीकडे होतं. भाऊ म्हणणार, ‘मघाशी उगाच हळू केलीत.’ आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर तो खरंच बोलतोय.

लक्षात घ्या की ‘द’ एका ओळीत उरकला आणि ‘घ’ला जागा मिळाली. उलटं केलं, म्हणजे अपघात सविस्तर दाखवून टाळणं एका कटमध्ये उरकलं, तर प्रेक्षकाला दर वेळी फसवल्यासारखं वाटतं. ‘नेक्स्ट’च्या शेवटी सिनेमाचा मोठा तुकडा नायकाने नुसता पाहिलेला होता असं निघतं, तिथे अनेकांचा वैताग होतो तो यामुळे. आपण इतका वेळ ज्याची काळजी केली ते झालंच नाही! एका पानाला पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब धरून पाहा: तुम्ही ‘न घडलेल्या’ गोष्टींना किती मिनिटं देताय?

नियम प्रेक्षकाला शिकवायला पहिली बारा पानं घ्या, आणि तीन प्रसंगांत शिकवा. एकदा उपयोग होतो. एकदा उपयोग होतो पण भुर्दंड बसतो. एकदा काहीच चालत नाही. संवादातून समजावण्याची वेळ आली तर प्रसंग चुकलेत.

पायरी ८: मारामारी, लवकर पण हळू

ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. चेंडू पाहून, विचार करून, मग बॅट हलवायची म्हटलं तर वेळच नाही. गोलंदाजाचं मनगट आणि पाय पाहून फलंदाज आधीच निघालेला असतो, म्हणून थोर फलंदाजाला भरपूर वेळ असल्यासारखं वाटतं. तुमच्या नायकाची देहबोली तिथून उचला. पुढचं दिसणारा माणूस चपळ असायची गरज नाही. चपळाई ज्याला उशिरा कळतं त्याला लागते. हा लवकर हलतो आणि निवांत हलतो. ‘नेक्स्ट’च्या सुरुवातीला नायक कॅसिनोतल्या सुरक्षारक्षकांना चुकवत जवळजवळ फिरायला आल्यासारखा चालतो. त्या सिनेमातलं ते मला सगळ्यात आवडतं.

झटापट बसवताना स्टंट दिग्दर्शकाला सांगा की नायिकेच्या हालचाली अर्ध्या वेगात, पण एक ठोका आधी. हल्लेखोर रिकाम्या जागेवर वार करतो, कारण ती तिथून कधीच निघालेली असते. आणि मग शिळं होण्याचा नियम लावा. पहिला वार डौलात चुकतो. त्यानंतर तिला काहीच माहीत नसतं, म्हणून दुसरा बसतो, तोही जोरात. डौल आणि धसमुसळेपणा एकाच झटापटीत पाहायला मिळाला की प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो. गाय रिची यांच्या ‘शेरलॉक होम्स’मध्ये (२००९) झटापट आधी डोक्यात संथ गतीने आणि मग खऱ्या वेगात दिसते. ते देखणं आहे, पण तसंच्या तसं उचलू नका. एकदा पाहिलेली युक्ती लोक दोन सेकंदांत ओळखतात.

पायरी ९: शूटिंगच्या आधी डोक्यात ठेवा

‘द’ आणि ‘घ’ एकाच दिवशी, एकाच मांडणीत, शक्यतो पाठोपाठ घ्या. कॅमेरा स्टँडवर घट्ट, जमिनीवर टेपच्या खुणा, आणि प्रत्येक टेकनंतर फोनवर फोटो. आमच्या छोट्या फिल्मचं काय झालं सांगतो. ‘द’ सकाळी घेतला, ‘घ’ जेवणानंतर. जेवताना नटीने बाह्या दुमडल्या आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. एडिटला बसलो तेव्हा फार उशीर झाला होता. पहिल्या खेळानंतर तिघांनी येऊन विचारलं की दुमडलेली बाही हा दुसऱ्या काळाचा संकेत आहे का. एरवीच्या सिनेमात अशी चूक खपून जाते. इथे प्रेक्षक फरकच शोधत बसलेला असतो, त्यामुळे कंटिन्युइटीची चूक कथानक होऊन बसते.

दर्शन दाखवायला निळसर रंग, कडेने धूसर चौकट, सूं-सूं आवाज, यातलं काही वापरू नका. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड किती वेळ पडतो ते, बदलून पाहा. सेकंदाला २४ फ्रेम्सवर शटर सहसा १/४८ सेकंद ठेवतात. तेच १/२०० च्या आसपास नेलं की हालचालीतला ओघळ जातो, प्रत्येक फ्रेम खडखडीत सुटी दिसते. डोळ्याला काहीतरी टोचतं, काय ते सांगता येत नाही. नेमकं तेच हवं. आवाजात सोपी युक्ती: ‘द’मधून इंजिनचा आवाज काढून टाका आणि बाकी सगळे राहू द्या.

धावत्या गाडीत कलाकाराला डोळे मिटायला लावू नका, हे लिहायची वेळ यायला नको होती, पण लिहितो. गाडी उभी ठेवायची, बाहेरून दोन जणांनी दिवे फिरवायचे, एकाने बंपर हलवायचा. रात्रीच्या प्रसंगात हे बेमालूम खपतं आणि ट्रकचा धक्का तर पांढऱ्या उजेडावर निभावतो.

पायरी १०: वाचन आणि कात्री

पटकथा चार-पाच जणांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना सिनेमाची फार माहिती नसेल तर उत्तम. ‘आवडलं का?’ विचारू नका. मध्येच कुठेतरी थांबा आणि विचारा, ‘या क्षणी रेवाला काय माहीत आहे?’ दोघांची उत्तरं वेगळी आली तर पानावर खूण करा, तिथे तक्ता फसलाय. सगळ्यांची सारखी आली तर पुढचा प्रश्न: ‘मग ती आता काय करेल?’ इथे मात्र उत्तरं वेगवेगळी यायला हवीत.

त्यानंतर ‘द’ मोजा. आमच्या पहिल्या मसुद्यात एकतीस होते, शूटिंगला अकरा गेले. कात्री चालवताना असं दिसलं की साठाव्या पानानंतर दर्शन दाखवायची गरजच पडत नाही. तोवर प्रेक्षकाला रेवाची सवय झालेली असते. शेवटच्या पाठलागात आम्ही एकही ‘द’ ठेवला नाही. ट्रक नाही, काच नाही, पांढरा उजेड नाही. शेजारी जुना मदतनीस बसलाय, तो आकडे पुटपुटतोय, रस्ता मोकळा आहे, आणि क्लोजअपमध्ये फक्त तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो.